संपर्क-फॉर्ममधला स्पॅम : संस्थांच्या कार्यकारी मंडळांना खुले पत्र

प्रति,
मराठी ग्रंथालये, शिक्षणसंस्था, पतसंस्था, सार्वजनिक न्यास आणि देशोदेशीची महाराष्ट्र मंडळे यांची कार्यकारी मंडळे

संकेतस्थळावरच्या ‘संपर्क’ या पानावर चार-पाच रिकाम्या चौकटी असतात : नाव, ईमेल, फोन, विषय, मजकूर. खाली ‘पाठवा’ हे बटण. खाते उघडायला न लावता, पासवर्ड न मागता, कोणाही अनोळखी माणसाला संस्थेशी बोलता यावे, एवढ्यासाठी ही सोय केलेली असते. फॉर्मची सगळी किंमत या मोकळेपणात आहे, आणि बॉटला आत यायला वाटही त्यातूनच मिळते. बॉट म्हणजे माणसाच्या जागी फॉर्म भरून पाठवणारा प्रोग्रॅम. त्याला पान डोळ्यांनी पाहावे लागत नाही. पानाच्या एचटीएमएलमधून तो चौकटींची नावे वाचतो आणि भरलेला मजकूर थेट सर्व्हरकडे धाडतो. ‘ही चौकट भरणे आवश्यक आहे’ अशा ज्या तपासण्या फक्त ब्राउझरमध्ये होतात, त्या बॉटच्या वाटेत येतच नाहीत. पहिली गोष्ट येथेच ठरते : जी तपासणी सर्व्हरवर होत नाही, ती तपासणी नाही.

हा उपद्रव फॉर्मइतकाच जुना आहे. १९९५ साली मॅट राइट यांनी ‘फॉर्ममेल’ नावाची स्क्रिप्ट सर्वांसाठी फुकट ठेवली आणि ती जगभर पसरली. फॉर्ममधला मजकूर कोणत्या पत्त्यावर जायचा, तो पत्ता या स्क्रिप्टमध्ये पानातच एका लपवलेल्या चौकटीत लिहिलेला असे. स्पॅम पाठवणाऱ्यांनी तो बदलला, आणि ज्यांचा काही संबंध नव्हता अशा संस्थांचे सर्व्हर भलत्याच लोकांना जाहिराती पाठवू लागले. पुढे २००५ च्या सुमारास दुसरी युक्ती फोफावली. नाव किंवा विषयाच्या चौकटीत मध्येच ओळ तोडून तिथे ‘बीसीसी’ (म्हणजे लपवलेल्या प्रतींची ओळ) आणि शेकडो पत्ते घुसवायचे. बेसावध स्क्रिप्ट तो मजकूर ईमेलच्या शीर्षभागात जशाचा तसा चिकटवते आणि एका फॉर्ममधून शेकडो ईमेल निघतात. या दोन्ही फटी बुजवण्याचे उपाय तेव्हापासून माहीत आहेत : मजकूर कोणाकडे जायचा तो पत्ता सर्व्हरवर पक्का बांधायचा, आणि ईमेलच्या शीर्षभागात जाणाऱ्या चौकटींमधली ओळतोड काढून टाकायची. तरीही कोणा परिचिताने दहा-पंधरा वर्षांपूर्वी हाताने लिहून दिलेला फॉर्म आजही चालू असेल, तर त्यात या फटी असू शकतात. तो आधी तपासून घ्यावा.

आज फॉर्ममधून काय येते, ते कार्यालयात ईमेल उघडणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असते : संकेतस्थळ गूगलच्या पहिल्या पानावर आणून देण्याची हमी, बॅकलिंक, क्रिप्टो, जुगार, औषधे, झटपट कर्ज, सिरिलिक लिपीतले लांबलचक मजकूर. कधी नावाच्या आणि विषयाच्या चौकटीत नुसती निरर्थक अक्षरे असतात. फॉर्म चालतो का, त्यातून काय परत येते, याची ती बहुधा चाचपणी असते. पाठवण्याचा खर्च जवळजवळ शून्य असल्याने लाखात एकाने प्रतिसाद दिला तरी पाठवणाऱ्याला पुरते. एक्सरूमरसारखे प्रोग्रॅम याच कामासाठी विकले जातात. अभिप्रायाची चौकट कोणती आणि संपर्काची कोणती हा भेद बहुतेक बॉट करत नाहीत. दिसेल तो फॉर्म भरायचा. कुठेतरी दुवा छापला गेला तर शोधयंत्रात वर येण्याला मदत, एवढाच हिशोब.

यातले बरेचसे नुसते त्रासदायक असते. काही मात्र घातक असते आणि मंडळांनी ते वेगळे ओळखायला हवे. फॉर्ममधून येणारा निरोप संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरने पाठवलेला असतो. त्यामुळे ईमेलच्या गाळणीला तो घरचाच वाटतो आणि तो थेट इनबॉक्समध्ये पडतो. एप्रिल २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षातज्ज्ञांनी असाच एक प्रकार उघड केला. कंपन्यांच्या संपर्क-फॉर्ममधून धमकीवजा मजकूर येत होता : तुमच्या संकेतस्थळाने माझी छायाचित्रे चोरली आहेत, पुरावा या दुव्यावर पाहा, नाहीतर न्यायालयात खेचीन. दुवा गूगलच्याच एका सेवेवरचा असल्याने संशय येत नसे. तिथून उतरणारी फाइल मात्र आइस्डआयडी या नावाने ओळखला जाणारा, बँकेची माहिती चोरणारा प्रोग्रॅम संगणकात बसवत असे. छायाचित्रे वापरणाऱ्या कोणत्याही संस्थेचा कारकून अशा पत्राने घाबरून दुवा उघडेल, हे अगदी स्वाभाविक आहे. फॉर्ममधून आलेला दुवा उघडायचा नाही, शंका असेल तर वरिष्ठांना दाखवायचे, हा नियम ईमेल पाहणाऱ्या प्रत्येकाला स्पष्ट शब्दांत सांगितलेला असला पाहिजे.

दुसरा घातक प्रकार पोचपावतीचा. अनेक फॉर्म भरणाऱ्याला आपोआप ईमेल पाठवतात : ‘प्रिय अमुक, आपला निरोप मिळाला.’ बॉट ईमेलच्या चौकटीत तिसऱ्याच माणसाचा पत्ता टाकतो आणि नावाच्या चौकटीत जाहिरात व दुवा. मग त्या तिसऱ्या माणसाला संस्थेच्या नावाने, संस्थेच्या पत्त्यावरून जाहिरात पोचते. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पत्त्यांवर असाच मारा झाला. हजारो संकेतस्थळांच्या वार्तापत्र-नोंदणीच्या फॉर्ममध्ये त्यांचे पत्ते भरले गेले आणि त्यांचे इनबॉक्स पोचपावत्यांनी बुडाले. ज्या संस्थांनी त्या पोचपावत्या पाठवल्या होत्या त्यांनी स्वतः काहीच केले नव्हते, तरी स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत त्यांच्यापैकी अनेकांचे सर्व्हर गेले. संस्थेच्या पत्त्याची पत एकदा गेली की सभेची सूचना, वर्गणीची पावती, प्रवेशाचे पत्र, सगळेच सभासदांच्या स्पॅम फोल्डरमध्ये जाऊ लागते. मोठ्या संख्येने ईमेल पाठवणाऱ्यांबाबत गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्याची अट घातली आहे, यावरून ही पत किती काटेकोर मोजली जाते ते कळेल.

सर्वांत मोठे नुकसान याहून साधे आहे. दिवसाकाठी पन्नास निरुपयोगी निरोप येऊ लागले की कर्मचारी त्यांच्याकडे पाहणे सोडतो. मग एखाद्या गावातल्या मुलीने शिष्यवृत्तीबद्दल विचारलेला प्रश्न, ठेव परत मिळत नाही म्हणून वृद्ध ठेवीदाराने लिहिलेली तक्रार, परदेशातल्या वाचकाने देऊ केलेला दुर्मीळ पुस्तकांचा संग्रह, हे सारे त्या ढिगाऱ्याखाली न वाचताच राहते. ज्याने लिहिले त्याला वाटते, संस्थेने दखल घेतली नाही. संस्थेला तर त्याने लिहिल्याचा पत्ताही नसतो.

त्रास वाढला की मंडळे बहुधा दोनपैकी एक मार्ग धरतात. एक म्हणजे फॉर्म काढून टाकणे. त्याने बॉट थांबतो, आणि कार्यालयाच्या वेळेत फोन करू न शकणारा, ऐकू न येणारा, किंवा दहा तासांच्या वेळफरकावर राहणारा माणूसही थांबतो. फॉर्मच्या जागी ईमेलचा पत्ता उघडा छापला तर पत्ते गोळा करणारे बॉट तो उचलतात आणि स्पॅम थेट तिथे येऊ लागतो. दुसरा मार्ग कॅप्चाचा, म्हणजे आपण माणूस आहोत हे कोडे सोडवून सिद्ध करायला लावण्याचा, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण संकेतस्थळ करून देणारा सर्वांत आधी सुचवतो तो हाच.

कॅप्चाचा जन्मच फॉर्ममधल्या स्पॅममुळे झाला. १९९७ साली अल्टाव्हिस्टा या शोधयंत्रावर नवीन संकेतस्थळाचा पत्ता सुचवण्याचा फॉर्म होता. बॉट त्यात हजारो पत्ते ओतत. आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाकडीतिकडी अक्षरे दाखवून ती टाइप करायला लावली आणि तो पूर ओसरला. कॅप्चा हे नाव कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुईस व्हॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि सहकाऱ्यांनी दिले. २००३ च्या त्यांच्या शोधनिबंधामुळे ते रूढ झाले. २००७ मध्ये रीकॅप्चा आले, २००९ मध्ये गूगलने ते घेतले, २०१४ मध्ये ‘मी रोबोट नाही’ची चौकट आली. माणसाला सोपे आणि यंत्राला अवघड असे काही विचारायचे, ही मूळ कल्पना तेव्हा योग्य होती. आज तिचा पाया उरलेला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले की प्रचलित कॅप्चा सोडवण्यात बॉट माणसांपेक्षा वेगवान आणि अचूकही आहेत. २०२४ मध्ये झुरिकच्या संशोधकांच्या प्रोग्रॅमने रीकॅप्चाची चित्रकोडी शंभर टक्के सोडवली. प्रोग्रॅम नको असेल तर हजार कोड्यांना डॉलरभराच्या दराने ती माणसांकडून सोडवून देणाऱ्या सेवा २०१० च्या आधीपासून बाजारात आहेत.

मग अडते कोण? अंध माणूस अडतो. चित्रांतले कोडे त्याला दिसत नाही आणि ध्वनीचे कोडे बहुधा गोंगाटात मिसळलेल्या इंग्रजी शब्दांचे असते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने कॅप्चाच्या या दोषाविषयी २००५ मध्येच टिपण प्रसिद्ध केले होते. मोतीबिंदू झालेले आजोबा अडतात, लहान पडद्याचा जुना फोन असलेली शेतकरीण अडते. अमेरिकेतल्या रस्त्याकडेचे अग्निशमनाचे नळखांब ओळखण्याची परीक्षा जत तालुक्यातल्या वाचकाने ग्रंथालयाला पत्र लिहिण्याआधी का द्यावी, याला कोणतेही समाधानकारक उत्तर नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ सुगमतेचा आग्रह धरतो. पण कायदा नसता तरी आपल्या दारातच सभासदाला परीक्षेला बसवणे गैर ठरले असते. आपण माणूस आहोत हे सिद्ध करण्याचे ओझे लिहिणाऱ्यावर टाकू नये. गाळण्याचे काम संस्थेच्या सर्व्हरने निमूटपणे करावे. पुढे येणारे सगळे उपाय याच तत्त्वावर उभे आहेत.

त्यांतला सर्वांत स्वस्त उपाय आमिष-चौकटीचा. फॉर्ममध्ये एक जादा चौकट ठेवायची आणि ती पानावर दिसणार नाही अशी लपवायची. माणूस ती भरत नाही. चौकट दिसली की भरणारा बॉट भरतो आणि सापडतो. साधे बॉट यातच मोठ्या संख्येने गळतात. मात्र चौकट निष्काळजीपणे लपवली तर घात होतो. अंधांसाठी पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर ती चौकटही वाचते आणि बिचारा वाचक ती इमानाने भरतो. म्हणून ती त्या सॉफ्टवेअरपासूनही लपवायची, टॅबच्या क्रमातून काढायची, आणि तरीही कोणाला पोचलीच तर ‘ही चौकट रिकामी ठेवा’ असे तिचे नाव असू द्यायचे. तिच्या अंतर्गत नावात ‘फोन’ किंवा ‘पत्ता’ असे शब्द असतील तर ब्राउझर जपून ठेवलेली माहिती तिथे आपोआप भरतो आणि खऱ्या माणसाचे पत्र गुपचूप बाद होते. ही चूक बाहेरून कोणालाच दिसत नाही, म्हणून ती फार दिवस टिकते.

दुसरा उपाय वेळेचा. पान उघडले त्या क्षणाची सर्व्हरने सही केलेली नोंद फॉर्मसोबत जाते. दोन-तीन सेकंदांत पाच चौकटी भरून परत आलेला फॉर्म माणसाचा नसतो. नोंदच नसेल तर फॉर्म पान न उघडता धाडलेला असतो. वरची मर्यादा मात्र सैल हवी. फोनवर मराठी टाइप करणाऱ्याला एक परिच्छेद लिहायला अर्धा तास लागू शकतो. पंधरा मिनिटांनी ‘सत्र संपले’ असे सांगून त्याचा मजकूर पुसून टाकणारे फॉर्म आहेत. असा अनुभव एकदा आला की तो माणूस पुन्हा लिहीत नाही.

एकाच आयपी पत्त्यावरून मिनिटाला किती निरोप घ्यायचे यावर बंधन घालणे योग्यच. पण पत्ता कायमचा बंद करताना दहादा विचार करावा. मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यात अनेक ग्राहक एकाच आयपी पत्त्यामागे असतात, महाविद्यालयाचे सगळे वसतिगृहही एकाच पत्त्यामागे असू शकते. सगळा परदेश बंद करण्याचा सोपा सल्लाही मराठी संस्थेने मानू नये, कारण तिचे वाचक आणि देणगीदार दुबईत, लंडनमध्ये, न्यू जर्सीत आहेत.

याच्याही पुढे गेलेल्या, म्हणजे खरा ब्राउझर चालवणाऱ्या बॉटसाठी गणिताचा उपाय आहे. अॅडम बॅक यांनी १९९७ मध्ये ईमेलसाठी ‘हॅशकॅश’ सुचवले : निरोप पाठवण्याआधी पाठवणाऱ्याच्या संगणकाने एक छोटे गणित सोडवायचे. एका पत्राला तो क्षणभराचा वेळ जाणवत नाही. लाख पत्रे पाठवणाऱ्याला तो खर्च परवडत नाही. आज फॉर्मसाठी हीच कल्पना पडद्यामागे वापरता येते, फक्त गणित जुन्या फोनलाही झेपेल एवढेच ठेवावे. क्लाउडफ्लेअरचे टर्नस्टाइल २०२२ पासून कोडे न दाखवता अशीच पारख करते. बाहेरच्या कंपनीची अशी सेवा घेतली तर भेट देणाऱ्याची काही माहिती तिच्याकडे जाते, आणि ते फॉर्मशेजारी साध्या मराठीत लिहिलेले असावे.

यानंतर मजकुराची पारख. पॉल ग्रॅहम यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की नियम हाताने लिहीत बसण्यापेक्षा आलेल्या पत्रांतल्या शब्दांची संभाव्यता मोजणे अधिक चांगले काम करते. २००५ पासूनची अकिस्मेट ही सेवा लाखो संकेतस्थळांवरचा मजकूर एकत्र पाहून निर्णय देते. वर्डप्रेसवरच्या लोकप्रिय फॉर्म-प्लगइनांना ती जोडता येते. पण मजकूर तिच्या सर्व्हरकडे जातो. महिला तक्रार समिती, रुग्ण-मदत किंवा समुपदेशन यांच्या फॉर्मला ती लावू नये.

मराठी संकेतस्थळाला येथे एक हुकमी खूण मिळते : लिपी. बॉटचा मजकूर सहसा रोमन किंवा सिरिलिक असतो, देवनागरी जवळपास नसते. देवनागरी मजकुराला झुकते माप द्यावे. उलट नियम मात्र करू नये. असंख्य मराठी माणसे फोनवर ‘pustak kadhi milel’ याच पद्धतीने लिहितात, आणि गोव्यातला किंवा बडोद्याचा मराठी माणूस इंग्रजीतही लिहील. रोमन लिपी म्हणजे स्पॅम असे धरणाऱ्या फॉर्ममध्ये संस्थेचीच माणसे बाद होतील.

याहून वाईट प्रकार नावाच्या चौकटीत घडतो. स्पॅम रोखायचा म्हणून ‘नावात फक्त अक्षरे चालतील’ असा नियम लिहिला जातो. इंग्रजी ए ते झेडपुरता तो असेल तर मराठी नाव सरसकट नाकारले जाते. सुधारणा म्हणून युनिकोडमधली सर्व ‘अक्षरे’ चालतील असे लिहिले तरी प्रश्न सुटत नाही, कारण युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांची गणना अक्षरांत होत नाही. ती ‘चिन्हे’ या वेगळ्या वर्गात येतात. परिणामी ‘कमल’ चालते आणि ‘शिल्पा’ चालत नाही. नियमात चिन्हांचा वर्ग घातला की प्रश्न मिटतो. एका ओळीचे काम आहे. ‘पाच अधिक तीन किती?’ असा साधा प्रश्न विचारणाऱ्या फॉर्मलाही तसेच : ८, इंग्रजी आकड्यातला आठ आणि अक्षरी ‘आठ’, तिन्ही उत्तरे बरोबर धरली पाहिजेत.

कोणतीही गाळणी चुकते, म्हणून शेवटचा निर्णय नष्ट करण्याचा असू नये. प्रत्येक निरोप आधी संस्थेच्या नोंदीत साठवावा, मग ईमेलने पुढे जावा. संशयित निरोप वेगळ्या कप्प्यात महिनाभर राहावा आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी त्यावरून नजर फिरवावी. हे ‘कोणीतरी’ म्हणजे नावाने नेमलेली व्यक्ती. सगळ्यांचे काम ते कोणाचेच नसते, हे कार्यकारी मंडळांना सांगायला नको. पोचपावतीच्या ईमेलमध्ये भरणाऱ्याने लिहिलेला एकही शब्द नसावा. त्याहून चांगले म्हणजे पोचपावती पडद्यावरच, नोंद क्रमांकासह दाखवावी. संस्थेला येणाऱ्या ईमेलमध्ये प्रेषक म्हणून संस्थेचाच पत्ता हवा आणि लिहिणाऱ्याचा पत्ता ‘उत्तर येथे पाठवा’ या जागी. लिहिणाऱ्याचाच पत्ता प्रेषक म्हणून टाकणारे फॉर्म, प्रेषकाचा पत्ता खरा आहे का हे पाहणाऱ्या एसपीएफ आणि डीमार्क या तपासण्यांत नापास होतात आणि खरी पत्रेच स्पॅममध्ये जातात.

एवढे करूनही काही येत राहील. गेल्या काही वर्षांत एआयची भाषा-प्रतिमाने संस्थेचे नाव, तिचे उपक्रम वाचून नेटका, लागू पडेल असा मजकूर लिहू लागली आहेत. शब्दांवरून ओळखणाऱ्या गाळण्या त्यापुढे कमी पडतील आणि वेळ, सही, गणित या वागणुकीच्या तपासण्यांना अधिक महत्त्व येईल. स्वतः बसून फॉर्म भरणाऱ्या विक्रेत्याला तर कोणतेच तंत्र ओळखणार नाही. त्याला उत्तर देऊ नये, एवढेच. कायद्याकडून येथे फार आधार नाही. दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८ चे विनियम फोन आणि एसएमएसपुरते आहेत. त्रासदायक ईमेलना लागू होऊ शकणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले, आणि अभिव्यक्तीच्या दृष्टीने ते योग्यच झाले. फॉर्ममधून फसवणूक किंवा सर्व्हरवर हल्ला झाला तर मात्र गप्प बसू नये : देशाच्या सायबर-सुरक्षेची जबाबदारी असलेल्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना सहा तासांत कळवायच्या असतात आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा.

वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत; संकेतस्थळ सांभाळणाऱ्याचे एक-दोन दिवसांचे काम लागते. ते देखभालीच्या करारात लिहून घ्यावे आणि काम झाल्यावर मंडळाने स्वतः तपासावे. साध्या फोनवरून, देवनागरीत, जोडाक्षराचे नाव भरून एक निरोप पाठवावा. रोमन लिपीतल्या मराठीतही एक पाठवून पाहावा. एखाद्या अंध सभासदाला फॉर्म भरून पाहण्याची विनंती करावी आणि तो सांगेल तो दोष आधी दूर करावा. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, आणि तोपर्यंत कोणत्याही संस्थेने आपला फॉर्म बंद करू नये, ही सर्व मंडळांना कळकळीची विनंती.